ब्रँच रिकी

वेस्ली ब्रँच रिकी (२० डिसेंबर, १८८१ – ९ डिसेंबर, १९६५) हे अमेरिकन बेसबॉल खेळाडू, प्रशिक्षक आणि संघ-प्रशासक होते. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध करून मेजर लीगमधील वर्णभेद मोडणारे प्रशासक म्हणून ते ओळखले जातात. मायनर लीग या दुय्यम साखळ्यांतील संघ मेजर लीगच्या संघांच्या ताब्यात आणणारी ‘फार्म’ पद्धतही त्यांनीच रूढ केली. या पद्धतीत घडणाऱ्या खेळाडूंना न्याय्य वेतन मिळते का, हा वाद त्यांच्या पश्चातही सुरू राहिला.

प्रारंभिक जीवन

रिकी यांचा जन्म ओहायो राज्यातील स्टॉकडेल येथे एका मेथडिस्ट शेतकरी कुटुंबात झाला. ते सेंट लुईस ब्राउन्स व न्यू यॉर्क हायलँडर्स या संघांकडून कॅचर म्हणून खेळले. मात्र धार्मिक श्रद्धेमुळे ते रविवारी मैदानात उतरत नसत. खेळाडू म्हणून त्यांना फारसे यश मिळाले नाही. १९११मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

फार्म पद्धत

१९१७मध्ये रिकी सेंट लुईस कार्डिनल्स संघात आले. त्या काळी मायनर लीगचे बहुतेक संघ स्वतंत्र असत आणि तयार झालेले खेळाडू अधिक बोली लावणाऱ्यास विकत. कार्डिनल्सची आर्थिक स्थिती बेताची असल्याने रिकी यांनी अशा संघांतच मालकी हक्क मिळवण्यास सुरुवात केली. शेकडो तरुणांना अल्प वेतनावर करारबद्ध करायचे, त्यांतील निवडक वर पाठवायचे व काही इतर संघांना विकायचे, अशी ही रचना होती. १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ साली कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली.

वेतनाचा वाद

खेळाडूंच्या करारातील राखीव कलमामुळे एका संघाचा खेळाडू स्वेच्छेने दुसऱ्या संघात जाऊ शकत नसे. १९२२च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. परिणामी, देऊ केलेले वेतन स्वीकारणे किंवा खेळ सोडणे, एवढेच पर्याय खेळाडूपुढे उरत. खेळाडूंच्या विक्रीतून आलेल्या रकमेत रिकी यांचा मात्र वाटा असे. महामंदीच्या काळात या पद्धतीमुळे लहान शहरांतील अनेक संघ तगले, असे समर्थकांचे म्हणणे होते. बेसबॉल आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांचा या पद्धतीला विरोध होता. १९३८मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या ७०हून अधिक खेळाडूंना करारमुक्त केले.

ब्रुकलिन डॉजर्स

१९४२च्या अखेरीस रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेले. १९४५मध्ये त्यांनी रॉबिन्सन यांना ३,५०० डॉलर आणि दरमहा ६०० डॉलर वेतन देऊन करारबद्ध केले. रॉबिन्सन यांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या आधीच्या संघाला मात्र कोणताही मोबदला दिला गेला नाही. डॉजर्सच्या अखत्यारीतील मॉन्ट्रियल या मायनर लीग संघात एक हंगाम खेळल्यावर १५ एप्रिल, १९४७ रोजी रॉबिन्सन यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण केले.

निधन आणि वारसा

१९५० ते १९५५ या काळात रिकी पिट्सबर्ग पायरेट्सचे सरव्यवस्थापक होते. १९६५मध्ये मिसूरीतील कोलंबिया येथे भाषण करीत असताना ते कोसळले व काही आठवड्यांनी त्यांचे निधन झाले. १९६७मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

मेजर लीगच्या खेळाडूंना राखीव कलमाच्या बंधनातून १९७५च्या लवादाच्या निर्णयाने वाट मोकळी झाली. मायनर लीगचे खेळाडू मात्र दीर्घकाळ संघटनेविना राहिले. किमान वेतनाबाबतच्या त्यांच्या दाव्यात २०२२मध्ये १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्याच वर्षी ते मेजर लीग खेळाडू संघटनेत सामील झाले. २०२३च्या पहिल्या सामूहिक करारानुसार सर्वोच्च स्तरावरील, म्हणजे ट्रिपल-ए गटातील, किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाले. सर्वांत खालच्या स्तरावर ते ४,८०० डॉलरवरून १९,८०० डॉलरपर्यंत वाढले.