प्रत्येकाला एक मत: डॉ. बाबासाहेब आंबेडकर



परळची बी.आय.टी. चाळ आपल्यापैकी अनेकांना परिचयाची आहे. तिथल्या दोन लहान खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे संसार केला. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ज्यांना समाजात स्थान नाही, त्यांना राज्यकारभारात जागा मिळाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी जन्मभर कसा धरला, ते आज थोडक्यात पाहू या.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, गोणपाटावर बसावे लागे. पुढे कुटुंब मुंबईत आले. एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेजातील शिक्षणानंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले व नंतर लंडनला.

१९१९ साली, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मालमत्ता आणि कर पाहून मत मिळे. साहजिकच अस्पृश्य समाजातील फार थोडी माणसे मतदार होती. मताधिकार वाढवा आणि अस्पृश्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी द्या, अशी बाबासाहेबांची मागणी होती. दुसऱ्याने कळवळ्याने आपली बाजू मांडली तर ती दया झाली. आपली बाजू आपण मांडणे हा हक्क होय, हा त्यामागील विचार.

१९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलचे नेमलेले सभासद होते. गिरण्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी यासाठी १९२८ मध्ये आलेल्या विधेयकाला त्यांनी ठाम पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. परळ-लालबागच्या किती आयांना त्याचा आधार मिळाला असेल! त्याच वर्षी, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे त्यांनी स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताधिकार मागितला.

१९३२ साली ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या. त्या जागांचे प्रतिनिधी केवळ अस्पृश्य मतदारांनी निवडायचे होते. याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा १४८ झाल्या. पण निवडून देणार होते सर्वच मतदार. जागा वाढल्या, तरी आपला प्रतिनिधी इतरांच्या मतांवर अवलंबून राहणार, ही खंत बाबासाहेबांना पुढे कायम राहिली.

१९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून ते निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभे होते नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू, तेही दलित समाजाचेच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. दोन्ही समाजांचे दुःख एकमेकांशी मिळतेजुळते आहे, हे त्यांनी ओळखले होते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेने गिरणीमालक आणि झाडूवाली यांच्या मताची किंमत एक केली. स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल मात्र रखडले. तेव्हा, १९५१ मध्ये, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे असताना ते पराभूत झाले. ज्याने सर्वांना मत मिळवून दिले, त्यालाच मतदारांनी नाकारले. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले.

बंधुभगिनींनो, हा विषय आपल्याही दाराशी येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. दलित ख्रिस्ती बांधवांना तो आजही नाही. त्यासाठी सरकारकडे दाद मागणे रास्तच आहे. पण आधी आपले घर पाहू या. जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे, असे भारतीय बिशपांनी २०१६ च्या दलित सबलीकरण धोरणात स्पष्ट केले आहे. लग्न जुळवताना आपण जात विचारतो की नाही? आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत का? असल्या, तर त्यांचे बोलणे पुरते ऐकून घेतले जाते का? त्यांच्या वतीने बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुढच्या सभेत त्यांना स्वतःला बोलू द्यावे, अशी आमची सर्वांना विनंती आहे.

तुमचे धर्मगुरू