एडविन हबल आणि दीर्घिकांचे विश्व

एडविन हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. शिकागोला विज्ञान, ऑक्सफर्डला कायदा आणि मायदेशी परतल्यावर इंडियाना राज्यातील न्यू अल्बनी येथे वर्षभर शिक्षकी पेशा. ते आमच्या व्यवसायात फार रमले नाहीत, याबद्दल आमची तक्रार नाही. १९१९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत दाखल झाले. १०० इंच व्यासाची, तेव्हाची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण तेथे होती.

आपली आकाशगंगा म्हणजेच संपूर्ण विश्व, असे त्या काळी अनेक जाणकार मानीत. देवयानीतील धूसर ठिपका तिच्यातलाच तेजोमेघ, की तिच्याबाहेरचे स्वतंत्र तारकाविश्व, हा वाद पेटला होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांना त्या ठिपक्यात सेफीड जातीचा रूपविकारी तारा आढळला. अशा ताऱ्याच्या प्रकाशातील चढउताराचा आवर्तकाल जितका दीर्घ, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. हा नियम हार्वर्डच्या वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी शोधला होता. त्या १९२१ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांच्या नियमाने अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आज ते २५ लाखांच्या आसपास मानतात. परंतु पहिला आकडाही आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडचा होता.

१९२६ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे वर्गीकरण मांडले: लंबवर्तुळाकार, सर्पिल, मध्यभागी ताऱ्यांचा दंड असलेल्या दंडसर्पिल आणि अनियमित. त्यांची आकृती पुढे अनेकांनी दीर्घिकांच्या वाढीची शिडी म्हणून वाचली. तो समज टिकला नाही. आकारमानातील तफावत तर थक्क करणारी आहे. आपली आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद. काही खुज्या दीर्घिका जेमतेम काही हजार, तर महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका कित्येक लाख प्रकाशवर्षे पसरलेल्या.

दूरच्या दीर्घिका अंतराच्या प्रमाणात अधिक वेगाने दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखविले. या कामी त्यांना मिल्टन ह्युमसन यांची मोलाची साथ लाभली. ह्युमसन यांनी लहानपणीच शाळा सोडलेली. वेधशाळा उभी राहत असताना ते खेचरांवरून डोंगरावर सामान वाहत. पुढे तेथेच झाडलोटीच्या कामाला लागले आणि मग रात्रपाळीचे साहाय्यक झाले. क्षीण दीर्घिकांचे वर्णपट घेण्यासाठी रात्रीमागून रात्री दुर्बिणीपाशी बसण्याची त्यांची चिकाटी पाहून वेधशाळेने त्यांना खगोलवेत्त्यांत स्थान दिले. आमच्या मते हबल यांचे चरित्र या माणसावाचून लिहिताच येत नाही.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी हबल यांचे निधन झाले. ह्युमसन त्यानंतरही वर्णपट घेत राहिले आणि १९५७ मध्ये निवृत्त झाले.