पराभवाचा धडा गिरवणारे रहीमसाहेब

हेलसिंकी, जुलै १९५२. ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत युगोस्लाव्हियाने भारतीय फुटबॉल संघाचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंडीत गारठलेल्या मैदानावर आपले काही खेळाडू अनवाणी खेळले होते. मायदेशी बुटांची चर्चा रंगली आणि पुढे बूट सक्तीचेही झाले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या नजरेने मात्र आणखी एक उणीव टिपली होती. भारताची मांडणीच कालबाह्य झाली होती.

१९०९ मध्ये हैदराबादेत जन्मलेले रहीम पेशाने शिक्षक. खेळाडूंकडेही ते शिक्षकाच्याच दृष्टीने पाहत. मुलांना चेंडू पायाशी घोळवत बसण्याची सवय जडू नये म्हणून ते ‘ड्रिबलिंग’ला मनाई असणाऱ्या स्पर्धा भरवत. कच्च्या पायाला बळ यावे म्हणून केवळ त्याच पायाने खेळायच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या प्रेक्षकांना झटपट, जमिनीलगतच्या पासेसची गोडी लागली ती याच संघामुळे.

राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती येताच १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रहीम यांनी सुवर्णपदक मिळवून दिले. तरीही दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीपटू ही जुनी रचना युरोपीय संघांपुढे तोकडी पडते, हे हेलसिंकीत उघड झाले. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा हंगेरीचा संघ मधल्या आघाडीपटूला मागे खेचून प्रतिस्पर्ध्यांना गोंधळात टाकत होता. रहीम यांनी हा धडा मनोभावे गिरवला. बचावात तिसरा गडी आला. आघाडीची सरळ रेषा मोडली.

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे नमवले. मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील ती आजवरची आपली सर्वोच्च कामगिरी. पुढे १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने ४-२-४ ही रचना जगन्मान्य केली. साठच्या दशकाच्या आरंभी रहीम यांचा संघही त्याच रचनेत उभा राहत होता.

कर्करोगाने शरीर पोखरले असतानाच १९६२ ची जाकार्ता आशियाई स्पर्धा आली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत झाली. रहीम यांनी त्याला विश्रांती देण्याऐवजी थेट मध्य आघाडीवर उभे केले. हा निर्णय धाडसी खरा, पण अविचारी नव्हता. धिप्पाड जर्नेलसिंग पूर्वी आघाडीवर खेळलेला होता, हे त्यांना ठाऊक होते. उपान्त्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवण्यावरून भारतीय क्रीडा प्रतिनिधीने आक्षेप घेतल्याने स्थानिक जनमत खवळलेले होते. भरगच्च स्टेडियम विरोधात गर्जत असताना पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. भारताने २-१ असा विजय मिळवला. पहिल्या सामन्यातील पराभवाचेही उट्टे निघाले.

अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांनी वयाच्या ५३ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण भारताच्या वाट्याला आले नाही, की ऑलिम्पिकचे दारही पुन्हा उघडले नाही. हेलसिंकीनंतर चार वर्षांत संघ नव्याने घडवणाऱ्या या शिक्षकाची जागा भारतीय फुटबॉलमध्ये अजून रिकामीच आहे.