ट्रेन चुकलेला इंजिनिअर आणि तुमच्या फोनमधलं २४ तासांचं घड्याळ

रेल्वेच्या तिकिटावर १७:३५ दिसलं की आपण काय करतो? मनात बारा वजा करतो आणि घरी सांगतो, गाडी संध्याकाळी पाच पस्तीसची आहे. मी अजून कुणाला "सतरा पस्तीसला भेटू" असं म्हणताना ऐकलेलं नाही. बोलायचं एक आणि तिकिटावर छापायचं दुसरंच, असं का? हे समजून घ्यायचं तर सर सँडफर्ड फ्लेमिंग या माणसाची ओळख करून घ्यावी लागेल.

कोण होते फ्लेमिंग?

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्कॉडी या गावी झाला. तिथे ते जमीन मोजणीचं काम शिकले आणि १८४५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कॅनडाला गेले. १८५१ मध्ये निघालेलं तिथलं बीव्हरच्या चित्राचं टपाल तिकीट त्यांनीच डिझाइन केलं. पण त्यांचं खरं काम रेल्वेचं. १८७१ पासून कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या रेल्वेमार्गाची पाहणी त्यांच्या हाताखाली सुरू होती.

त्या काळी प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं असायचं. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा वाजले! बैलगाडीच्या जमान्यात याने कुणाचं काही अडत नव्हतं. रेल्वे आली आणि एकाच प्रवासात घड्याळाचे काटे पुन्हा पुन्हा फिरवायची वेळ आली.

एका छपाईच्या चुकीने काय झालं?

१८७६ साली फ्लेमिंग आयर्लंडमध्ये प्रवास करत होते. वेळापत्रकात गाडी ५:३५ पी.एम. अशी छापलेली होती, म्हणून ते संध्याकाळी स्टेशनवर पोहोचले. गाडी मात्र ५:३५ ए.एम.ची होती आणि पहाटेच निघून गेली होती. रात्र तिथेच काढावी लागली. रेल्वे बांधणाऱ्या माणसाचीच गाडी चुकली, तीही एका अक्षरामुळे!

इथे मला आपल्या बोलण्यातल्या पद्धतीचं महत्त्व जाणवतं. मराठीत आपण आधी प्रहर सांगतो आणि मग आकडा: पहाटे साडेपाच, दुपारी अडीच, रात्री पावणेदहा. "पहाटे"च्या जागी चुकून "संध्याकाळी" छापलं जाणं अवघड आहे. पण वेळ कागदावर आकड्यात लिहिली की हा प्रहर गळून पडतो आणि सगळा भार ए.एम. आणि पी.एम. या दोन खुणांवर येतो.

फ्लेमिंगनी त्याच वर्षी आपली योजना लिहून काढली आणि पुढे टोरंटोच्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये ती सविस्तर मांडली. दिवसाचे तास सलग २४ मोजायचे. साऱ्या जगासाठी एकच मूळ वेळ ठेवायची. पृथ्वीचे १५-१५ अंशांचे २४ पट्टे करायचे आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर एक तासाचा फरक ठेवायचा. ही योजना समजावी म्हणून त्यांनी एक खास घड्याळही बनवून घेतलं होतं.

श्रेय एकट्याचं नाही

पट्ट्यांची कल्पना अमेरिकेत चार्ल्स डाउड यांनी आधीच मांडली होती. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी उत्तर अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ सुरू केली, त्यामागे विल्यम ॲलन यांची मोठी मेहनत होती. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि फ्लेमिंग तिथे कॅनडातर्फे हजर होते. ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं. जागतिक दिवस मध्यरात्री सुरू होईल आणि ० ते २४ असा मोजला जाईल, हेही ठरलं. पट्टे मात्र कुणावर लादले नाहीत, तो निर्णय प्रत्येक देशावर सोडला.

भारताने १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ घेतली, म्हणजे फ्लेमिंगच्या पूर्ण तासाच्या हिशोबात न बसणारी. मुंबईने तर आपली ३९ मिनिटं मागे असलेली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा! कुणी वेळ सांगितली की आधी विचारावं लागे, कुठली वेळ?

१८९७ मध्ये फ्लेमिंग यांना "सर" हा किताब मिळाला. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्स इथे त्यांचं निधन झालं. लोक बारा तासांची मोजणी सोडून देतील ही त्यांची आशा मात्र पूर्ण झाली नाही.

तुमच्या फोनमध्ये काय चालतं?

फोनच्या आत आज जवळपास त्यांचीच कल्पना चालते. फोन १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतो. तुम्ही भारतात असाल तर त्यात साडेपाच तास मिळवून वेळ दाखवतो. म्हणून तुमचा एकच मेसेज पुण्यात आणि लंडनमध्ये वेगवेगळ्या वेळेचा दिसतो.

आता एक कामाची गोष्ट. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते. "शनिवारी रात्री साडेबाराची गाडी" असं आपण सहज म्हणतो. पण रेल्वेच्या हिशोबात ०० वाजता तारीख बदलते. तिकिटावर रविवार ००:३० असेल, तर शनिवारी जेवण झालं की स्टेशन गाठायचं. रविवारी रात्री गेलात तर गाडी जाऊन जवळजवळ पूर्ण दिवस झालेला असेल, आणि तिकिटाचे पैसेही गेले.

म्हणून मी फोनच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये २४ तासांचा पर्याय चालू ठेवतो. अलार्म लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत होत नाही. पण घरच्यांना मेसेज करताना दोन्ही लिहितो: रविवार ००:३०, म्हणजे शनिवारची रात्र, साडेबारा. तुम्हीही पुढचं तिकीट काढाल तेव्हा एवढं नक्की करा.