विश्लेषण : खुर्चीत बसता येत नव्हते, तरी कन्याकुमारी ते काश्मीर! हिंगणघाटच्या बाबा आमटेंची ‘भारत जोडो’ काय होती?

हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 एका टोकाला श्रीनगरला आणि दुसऱ्या टोकाला कन्याकुमारीला पोहोचतो. कापसाच्या गाड्या आणि हैदराबादकडे धावणारे ट्रक यांच्या गर्दीत हे सहसा लक्षात येत नाही. याच गावात 26 डिसेंबर 1914 रोजी जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमटे यांनी 1985 मध्ये देशाची ही दोन टोके सायकलींनी जोडायचे ठरवले. तेव्हा त्यांना सायकल चालवणे तर दूरच, साध्या खुर्चीत बसणेही शक्य नव्हते.

2022 मध्ये काँग्रेसच्या पदयात्रेमुळे ‘भारत जोडो’ हे नाव पुन्हा चर्चेत आले. ते नाव घेऊन कन्याकुमारीहून निघालेली बाबा आमटे यांची यात्रा त्याच्या तब्बल 37 वर्षे आधीची.

बाबांना नेमका आजार काय होता?

आजार मणक्यांचा होता. मान आणि कंबर, दोन्हीकडचा तीव्र स्पॉन्डिलोसिस. पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते. गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखे तिचे काम. वयानुसार ती कोरडी पडते, झिजते, मणक्यांच्या कडांना हाडे वाढतात आणि शेजारून जाणाऱ्या नसा दबतात. बहुतेकांची मान किंवा कंबर अधूनमधून दुखते, तेवढ्यावर भागते. बाबांच्या बाबतीत ते भागले नाही. शस्त्रक्रिया झाल्या, मानेला पट्टा आला, आणि शेवटी शरीराच्या दोनच अवस्था उरल्या. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे.

बसण्यापेक्षा उभे राहणे सोपे कसे, असा प्रश्न पडू शकतो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ अल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आडवे असताना दाब सर्वात कमी, उभे राहिल्यावर त्याहून जास्त आणि आधाराशिवाय बसल्यावर आणखी जास्त आढळला. आपल्याला बसणे म्हणजे आराम वाटतो, पण कमरेचा हिशेब वेगळा आहे.

बैठक, जेवण, प्रवास, लेखन, पाहुण्यांशी गप्पा. आपल्याकडची जवळपास सगळी सार्वजनिक कामे बसून होतात. बाबांची पुढची सगळी कामे उभ्याने किंवा खाटेवरून झाली.

हिंगणघाट ते वरोरा

घर जमीनदाराचे, वडील इंग्रज सरकारात अधिकारी. ‘बाबा’ हे लहानपणीचे लाडाचे नाव, त्याचा पुढच्या थोरपणाशी संबंध नाही. चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक आली, रानात शिकारी झाल्या. तरुणपणी सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या सीटना बिबट्याच्या कातड्याची कव्हरे होती. ‘पिक्चरगोअर’ या इंग्रजी सिनेमासिकासाठी ते परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या अभिनेत्रींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विदर्भातल्या एका जमीनदारपुत्राचे हे 1930 च्या दशकातले आयुष्य आजही अनेकांना खरे वाटत नाही.

वकिलीचे शिक्षण झाल्यावर त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. वर्धा–बल्लारशाह रेल्वेमार्गावर हिंगणघाटच्या पुढचे हे गाव. 1942 च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले लढवण्यासाठी त्यांनी वकिलांची फळी उभी केली. जवळच सेवाग्राम होते, तिथे जाणे-येणे वाढले. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ असे नाव दिले.

1946 मध्ये नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी लग्न झाले. त्या पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी काही महिने स्वतः मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. ही टोपली आणि आनंदवनातली खडकफोड यांचा मणक्यांवर किती परिणाम झाला, हे आज कुणी ठरवू शकत नाही. पण कण्याने काय काय वाहिले त्याची यादी लांब आहे, एवढे खरे.

या काळात एका पावसाळी रात्री गटाराकडेला कुष्ठरोगाने सडलेला एक माणूस दिसला. तुळशीराम त्याचे नाव. निर्भयतेसाठी नावाजलेले बाबा तिथून पळाले. त्याची लाज त्यांना सोडेना, म्हणून ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. 1949 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. त्यामुळे संशोधन अडले होते. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. ते वाढले नाहीत.

आनंदवनात वेगळे काय होते?

वर्धा जिल्ह्याला कुष्ठसेवा नवी नव्हती. मनोहर दिवाण यांचे दत्तपूर कुष्ठधाम 1936 पासून सुरू होते, तर सेवाग्रामला परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. 1951 च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले, ते झुडपांनी भरलेल्या 50 एकर खडकाळ जमिनीवर. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये.

वेगळेपणा कामात होता. कुष्ठरोगात जंतू नसांवर हल्ला करतो. हातापायाची जाणीव जाते, चटका बसलेला किंवा काच घुसलेली कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे आखडतात किंवा झडतात. औषधाने रोग बरा झाला तरी गेलेले बोट परत येत नाही आणि गावही परत घेत नाही. 1940 च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले, पण बरा झालेला माणूस पुढे काय करणार, याचे उत्तर औषधाच्या बाटलीत नव्हते. बाबांनी ते शेतीत, हातमागावर, सुतारकामात शोधले. रुग्णाचे काय गेले याची नोंद डॉक्टर ठेवतात. आनंदवनात नोंद व्हायची ती काय उरले याची. दोन बोटे उरली असतील तर दोन बोटांना जमणारे काम, असा सरळ हिशेब.

सुरुवातीला आनंदवनातला भाजीपाला वरोऱ्यात कुणी विकत घेत नव्हते. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले, रुग्णांच्या हातचे जेवले, तेव्हा गावाची भीती हळूहळू कमी झाली. पुढे याच हातांनी आनंदनिकेतन महाविद्यालयाची इमारत बांधली. त्यात शिकायला वरोऱ्याची निरोगी मुले आली.

मग ‘भारत जोडो’ कशासाठी?

काळ आठवायला हवा. ऑक्टोबर 1984 मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली, पाठोपाठ शीखविरोधी हत्याकांड झाले. जुलै 1985 मध्ये पंजाब करार झाला आणि महिन्याभरातच करारावर सही करणारे संत लोंगोवाल मारले गेले. त्याच वर्षी बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. आनंदवन, सोमनाथ आणि 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू झालेला हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प मार्गी लागले होते. पुरस्कार घेऊन घरी विश्रांती घेतली असती तर कुणी नावे ठेवली नसती.

डिसेंबर 1985 च्या अखेरीस कन्याकुमारीहून सायकली निघाल्या. 100 तरुण आणि 16 तरुणी, सगळे 35 वर्षांखालील. अंतर 5,042 किलोमीटर. एप्रिल 1986 मध्ये ही यात्रा जम्मू-काश्मीरला पोहोचली. सरासरी काढली तर रोज सुमारे 45 किलोमीटर, तेही सभा, मुक्काम आणि पंक्चरसकट. (अनेक ठिकाणी बाबांचे वय तेव्हा 72 होते असे लिहिलेले दिसते. जन्मतारखेनुसार ते 71 पूर्ण करत होते.)

बाबा सोबत बसमध्ये होते. बसमध्ये त्यांच्यासाठी बिछाना केला होता. प्रवासात ते आडवे असत, सभा आली की उभे राहून बोलत आणि पुन्हा आडवे होत. पाय तरुणांचे आणि आवाज बाबांचा, अशी ही विभागणी. तिच्यात आनंदवनाचाच नियम दिसतो. शरीराने बसणे नाकारले, तर बसणे वगळून यात्रा आखायची. रुग्णांना लावलेला हिशेब त्यांनी स्वतःलाही लावला.

1988 मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलच्या इटानगरपासून गुजरातच्या ओखापर्यंत. म्हणजे देश उभाही जोडून झाला आणि आडवाही.

या यात्रांमुळे दंगली थांबल्या का? नाही. पंजाब शांत व्हायला पुढची काही वर्षे लागली, आणि त्याची कारणे वेगळी आहेत. यात्रेचा खरा परिणाम त्या 116 जणांत शोधावा लागतो. तो आकड्यात मोजता येत नाही.

स्वतःच्या आजारासाठी मोहीम का नाही?

आज आजार घेऊन धावणारे, सायकल चालवणारे लोक जगभर दिसतात. तरुणपणी पार्किन्सन झालेले मॅरेथॉन धावतात आणि त्या निमित्ताने आजाराबद्दल बोलतात. या परंपरेतले मोठे नाव कॅनडाच्या टेरी फॉक्सचे. कर्करोगाने एक पाय गेलेल्या या मुलाने 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापले, तेही कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी.

अंतर जवळपास बाबांच्या यात्रेएवढेच, पण दिशा वेगळी. फॉक्सचा आजार हाच त्याचा विषय होता. बाबांनी मणक्यांच्या रुग्णांसाठी काही उभारले नाही. त्यांचा विषय कायम दुसऱ्याच्या अंगावरचा आजार राहिला, आधी कुष्ठरोग आणि मग देशातली फूट. यातले एक चांगले आणि दुसरे कमी, असे म्हणण्याचे कारण नाही. पण पाठदुखीला आजार न मानणाऱ्या आपल्या समाजात बाबा स्वतःच्या दुखण्यावर थोडे अधिक बोलले असते, तर घराघरांतल्या अनेकांना बळ मिळाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नर्मदेकाठची वर्षे आणि पराभव

1990 मध्ये बाबा आणि साधनाताई आनंदवन सोडून मध्य प्रदेशात बडवानीजवळ नर्मदेकाठच्या कसरावदला राहायला गेले. सरदार सरोवर धरणात ज्या गावांच्या जमिनी जाणार होत्या, त्यांच्यासोबत. डिसेंबर 1990 मध्ये बडवानीहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे अडवली गेली. त्या यात्रेत बाबाही होते. पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही किताब त्यांनी या प्रश्नावर सरकारला परत केले. त्याआधी, 1990 मध्येच, त्यांना टेम्पलटन पुरस्कार जाहीर झाला होता.

धरण थांबले नाही. ऑक्टोबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. गुजरातमध्ये बाबांवर विकासविरोधी म्हणून टीका झाली, महाराष्ट्रातही काहींना त्यांनी कुष्ठसेवेपुरतेच राहावे असे वाटत होते. खाटेवर पडून काढलेली ही सुमारे दहा वर्षे त्यांच्या चरित्रात बहुतेकदा दोन ओळींत संपतात.

परतल्यावर ते आनंदवनातच राहिले. 2007 मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले आणि 9 फेब्रुवारी 2008 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. दहन न करता आनंदवनाच्या जमिनीत त्यांना पुरण्यात आले. इच्छा त्यांचीच होती.

कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा इंग्रजी कायदा 2016 मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद वैयक्तिक कायद्यांतून काढली गेली 2019 मध्ये, बाबा गेल्यानंतर 11 वर्षांनी.