सावित्रीबाईंची माउली

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव ज्या घरात घेतले जात नाही असे घर आपल्या ज्ञातीत सापडणे कठीण. परंतु त्यांच्या मातोश्रींचे नाव काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? हाच प्रश्न मनात धरून आम्ही हे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते; त्यामुळे नायगाव आम्हा सांगलीकरांस परके नाही. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. त्यांच्या नावाविषयी कोठेही वाद नाही. मातोश्रींचे नाव मात्र काही चरित्रकार लक्ष्मीबाई देतात, तर काही सत्यवतीबाई.

हा फरक का पडावा? पाटीलकी हे वतन. वतनाच्या कागदांत बाप, लेक, नातू अशी पुरुषांची मालिका चालते. तीत सुनेला वा लेकीला क्वचितच स्थान मिळते. खानेसुमारीचा आधार घ्यावा, तर या देशातील पहिली खानेसुमारी १८७२ ची. तेव्हा सावित्रीबाईंनी चाळिशी ओलांडली होती. शिवाय घरोघरी लिहिलेल्या नोंदींच्या बेरजा होऊन तक्ते छापले गेले. मूळ नोंदी जपल्या गेल्या नाहीत. गावात माणसे किती हे त्यातून कळते, घरातली माउली कोण हे कळत नाही.

तरीही त्या माउलीचे एक दर्शन आपणांस घडते. १८५६ साली आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी नायगावास होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात, शूद्रातिशूद्रांना शिकविण्यावरून भावाशी झालेला वाद त्या सांगतात. भावाचे मन पालटले, आणि आईने लेकीच्या वाणीचे कौतुक केले. त्या पत्रातील ही आई आम्हांस कोणत्याही सनदेहून मोलाची वाटते.

पुढील कार्य सर्वविदित आहे. १८४० मध्ये विवाह, १८४८ मध्ये पुण्यास भिडेवाड्यात मुलींची शाळा, अंगावर शेणमाती झेलूनही सोडले नाही ते अध्यापन. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, अशी सोय होती. तेथेच जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला व त्यास डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्यांस स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्या गृहात मातांची नावे करुणेपोटी झाकली गेली. आपल्या घरांतील मातांची नावे मात्र केवळ आपल्या अनास्थेने पुसली जात आहेत. म्हणून सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे. नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. आणि वंशावळ लिहिताना आजी, पणजी यांची नावे त्यांच्या माहेरच्या गावासह लिहावीत. लेकीबाळींना शिकविणाऱ्या त्या माउलीस याहून उचित आदरांजली ती कोणती?