वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर

आयडा स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी दक्षिण भारतातील राणीपेट या गावी झाला. त्यांचे वडील अमेरिकन मिशनरी डॉक्टर होते. पुढे आयडा शिक्षणासाठी अमेरिकेत गेली. आपण तेथेच सुखाने राहावे, असे तिला वाटे.

आईच्या आजारपणामुळे ती तिंडिवनम येथे आली असता एका रात्री तीन गृहस्थ एकामागून एक दारी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या; परंतु पुरुष डॉक्टरने त्यांना तपासणे घरच्या रीतीत बसत नव्हते. आयडाला तर वैद्यकाचे ज्ञान नव्हते. सकाळपर्यंत त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. आयडाने डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

१८९९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन त्या भारतात परतल्या. १९०२ साली वेल्लोर येथे त्यांचे ४० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. डॉक्टर त्या एकट्याच! रोग्यांची रीघ मात्र संपत नसे. शिवाय शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी तेवढ्याने रोगी बरा होत नाही. जखम स्वच्छ ठेवणे, वेळेवर औषध देणे, रात्री उशाशी जागणे, यांसाठी शिकलेल्या परिचारिका हव्यात. त्या कोठून आणाव्यात?

१९०९ साली त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. आता मोठाच पेच पडला. शिकवण्यास वेळ द्यावा, तर दाराशी रोगी खोळंबतात. सारा वेळ रोग्यांना द्यावा, तर मदतीचे हात कधीच तयार होत नाहीत. आयडाबाईंनी या दोन्ही कामांची सांगड घातली. रुग्णालय हीच विद्यार्थिनींची शाळा झाली. खेड्यांच्या फेरीवर निघताना त्या परिचारिकांनाही बरोबर नेत. वाटेत झाडाखाली रोगी वाट पाहत बसलेले असत. तेथेच औषध दिले जाई, जखमा बांधल्या जात. सेवा करता करताच शिक्षण होई.

१९१८ मध्ये त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळाही उघडली. शस्त्रक्रिया सांभाळून त्या तेथे स्वतः शिकवीत. १९४६ मध्ये परिचारिकांच्या शाळेचे महाविद्यालय झाले.

मे १९६० मध्ये आयडाबाईंचे निधन झाले. एक डॉक्टर आपल्या दोन हातांनी किती रोगी बरे करणार? परंतु शिकवण्यात खर्चिलेल्या घटकांतून त्यांनी अनेक कुशल हात निर्माण केले. म्हणूनच त्यांच्या पश्चातही वेल्लोरच्या रुग्णालयातील सेवेचे व्रत अखंड चालू राहिले.